एक सूत

लवू गिरप, कनिष्ठ अभियंता,
बांधकाम उपविभाग, वेंगुर्ले.
मस्टरवर त्याच्या नावापुढे बेचाळीस दिवस
मीच लाल शाईने लिहिलं होतं : अर्जित रजा.
कारण : परदेशात शाळा बांधणे.
साहेबांनी विचारलं, पैसे कोण देणार?
तो म्हणाला, कोण नाय.
साहेबांनी पुन्हा विचारलं.

वादळाने तिथलं सगळं नेलं होतं,
मोझांबिकच्या किनाऱ्यावर कुठेतरी,
गावाचं नाव तो दर वेळी वेगळं उच्चारायचा.
आरवलीचे दोन गवंडी, रेडीचा एक सुतार,
हिशेबाला पतपेढीतली शुभलक्ष्मी,
आणि घमेलं धरता न येणारी सात कॉलेजची पोरं.
लवू धरून बारा.
तेरावा मी होतो. पासपोर्टही काढला होता.
मग आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं,
जे आणखी दोन महिने थांबलं असतं.
त्याला ते ठाऊक होतं. बोलला नाही.
फक्त माझा ओळंबा मागून नेला.

तिथून एकदाच फोन, तुटत तुटत :
"मेल्या, माती हंयच्यासारखीच तांबडी आसा.
पण चिरो नाय. विटा आमीच पाडतंव."
मग बराच वेळ पाण्याबद्दल बोलला.
पाऊस उतारावरून कुठून येतो ते बघत
दोन दिवस नुसता बसून होता.
पोरं वैतागली, गावातले हसले,
तिसऱ्या दिवशी त्याने पायाची आखणी उचलून
चाळीस पावलं वर नेली.
मी म्हणालो, तुळसच्या मोरीची निविदा परत आली रे.

आला तो काळवंडून, बारीक होऊन,
खिशात माझा ओळंबा.
सात फोटो. एकातही तो नाही.
वाचनालयात सत्कार ठेवला तर उठून म्हणाला,
दाराचं लाकूड ओलं होतं, घाई झाली,
आणि बसला.
लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चार वर्षांनी गेला. साइटवर नाही,
घरी, जेवून हात धुताना.
शोकसभेत साहेब टांझानिया म्हणाले.
कुणी दुरुस्त केलं नाही. मीही.

त्याचं टेबल माझ्याकडे आलं.
खणात टेप, बामची डबी, सोलांची पुडी,
आणि एक फोडलेलं पाकीट, परक्या तिकिटांचं.
पिएदाद बायकडे नेलं,
ती लहानपणी हरमलला पोर्तुगीज शिकलेली.
चष्मा पुसून, ओठ हलवत वाचू लागली.
मी आभार ऐकायच्या तयारीत बसलो.

"सिन्योर लवू, दार पावसात फुगतं.
मुलं खिडकीतून आत येतात.
मला येता येत नाही, मी जाड आहे.
तुम्ही येतो म्हणाला होता. कधी?"
खाली सही, आल्बेर्तिना, शिक्षिका.

पिएदाद बाय हसली, मग गप्प झाली,
मग म्हणाली, च्या टाकू?

तारीख दोन वर्षांपूर्वीची होती.
कुणाकडून वाचून घेतलं होतं त्याने,
की आभाराचंच असणार म्हणून
तसंच ठेवून दिलं खणात,
पुडीखाली?

रेडीच्या सुताराला फोन केला.
तो म्हणाला, पयला उन्हात सुकूंदे.
मगे खालसून रंधो मार, एक सूत. जास्त नको.

मला पोर्तुगीज येत नाही, रेषा येतात.
रात्री कागद ताणून बसलो :
सूर्य, सूर्याखाली आडवं दार,
खालच्या कडेला बाण,
रंधा, रंधा धरलेला हात.
हात त्याचा काढायला गेलो,
अंगठा जमेना. शेवटी माझाच काढला.
त्याच्याबद्दल काय लिहायचं
ते पिएदाद बायवर सोडलं.

मापं घातली.
सूत तिकडे कळणार नाही,
म्हणून शेजारी मिलिमीटर :
तीन, आणि किंचित वर.