वॉलमनचा फोन

मंगळवारी रात्री फोननं विचारलं,
नवीन आलंय, घेऊ का?
मी म्हणलं, घे.

सकाळी टाकीवर गेलो तर खिशात गरम,
भट्टीतनं काढलेल्या विटेसारखा.
कंपनीचं नाव येतंय, जातंय,
पुन्हा येतंय.

आणि नेमका सहा नंबर गल्लीचा दिवस. नववा.
घागरी, ड्रम, कूलरच्या टाक्या
माझ्या एका फोनची वाट बघत बसलेल्या
अन् मी हॅलो म्हणायच्या आत
हा मरतो.
जयशीलाबाईंनी भर रस्त्यात गाठलं.
"लिंबाजी, आमचाच फोन कट करायलास व्हय?"
खरं सांगितलं.
वॉलमनचं खरं कोण धरतं.

सेलूच्या स्टेशन रोडला तौसीफचं दुकान,
दोन माणसं आली की भरतं.
त्यानं आधी सिम काढलं, फुंकर मारली.
मग बॅटरी बघितली, मग जागा किती उरली ते.
"काका, एवढे गुड मॉर्निंग कशाला जपून ठेवलेत?"
चार हजार तीनशे पुसले.
तरी मेला.
मग दोन बटणं दाबून धरली, श्वास धरावा तशी,
कोपऱ्यात बारीक अक्षरं उमटली: सेफ मोड.
"आता फक्त कंपनीचं चालू. बाकीचं काढू,
मग एकेक परत घालून बघू
कशानं पडायलाय."

मला हसू आलं.
हे तर माझंच काम की रे.
पाईप फुटतो खाली, वर ओल दिसत नाही.
तेव्हा सगळे वॉल बंद, मग एकेक सोडायचा,
सळईचं एक टोक पाईपला, एक कानाला,
सगळी गल्ली झोपलेली,
अन् मातीखाली कुणीतरी कुजबुजत असतं.

भजनाचं घातलं. चाललं.
पैशाचं घातलं. चाललं.
पत्ते, हवामान, गॅसचा नंबर.
हजेरीचं घातलं
आणि पडदा काळा.

हजेरीचं. नगरपरिषदेचं.
वॉलपाशी उभं राहून तोंड दाखवायचं,
तेव्हा कुठं दिवस भरतो.
ठेवलं तर फोन जातो, काढलं तर पगार.
"फोन पुढं गेला काका, हे मागंच राहिलं.
वरून दुरुस्ती आली की होईल नीट."
"कधी?"
"ते आपल्या हातात कुठंय."

मी गप.
वीस वर्षं दारोदार हेच बोललोय.
ताई, वरूनच आलं नाही.
वरून सुटलं की सोडतो.

तौसीफनं पैसे घेतले नाहीत.
"आमच्याकडं कधी?" एवढंच विचारलं.
परवा, म्हणलं. पहाटे तीनला.

सध्या सेफ मोडमध्येच असतो.
हजेरीपुरता बाहेर काढतो,
चाळीस सेकंद मिळतात.
तेवढ्यात तोंड नीट धरायचं.

परवा पहाटे चेंबरात उतरलो.
टॉर्च चालू होता, तो कंपनीचाच.
चावी सात आटे फिरवली.
आधी हवा आली, खोकत खोकत,
मग तौसीफच्या गल्लीत कुठंतरी
रिकामा ड्रम वाजला.
आणि खिशात थरथर.
नवीन आलंय, घेऊ का?

अंगठा ओला होता.
दाबलं काय, मलाच दिसलं नाही.