मठार

निलोफर म्हणाली, हात हलवायचा राहू द्या काका,
नुसतं बघा.
कुणाचंही बघा. कणीक मळणारीचं, रंगाऱ्याचं,
पण नीट, रोज, अर्धा तास.
डोक्यात म्हणे काही पेशी असतात,
समोरच्यानं कप उचलला
की त्याही बसल्या जागी कप उचलतात.
मी म्हटलं, मग चहाही त्याच पितील.
ती हसली. मी अर्ध्या तोंडानं हसलो.

तीस वर्षं पीएमटीत या उजव्यानं
तिकिटं फाडली, पंच वाजवला,
कोथरूड ते हडपसर दोरी ओढली.
आता तो मांडीवर पडून असतो,
कुणीतरी गाडीत विसरून गेलेल्या पिशवीसारखा.

घरात बघण्यासारखे हात नाहीत.
सगळे मोबाइलवर, एकच बोट चालतं.
म्हणून काठी टेकत कसब्यातून
तांबट आळी, करड्यांच्या हेमंतसमोर.

ठक. तांब्यावर एक खळगा.
ठक. त्याला चिकटून दुसरा.
मोजमाप नाही, मनगटाला ठाऊक.
मठारल्याशिवाय पत्रा लेचापेचा राहतो, म्हणाला,
एवढंच बोलतो तो.

पहिला आठवडा मी फक्त आवाज ऐकला.
मग लक्षात आलं,
हातोडी वर जाते तेव्हा माझा श्वासही वर जातो
आणि ती उतरेपर्यंत तिथंच थांबतो.
दहाव्या की बाराव्या दिवशी, नक्की सांगत नाही,
दंडात, खूप आत, कुणीतरी उठून बसलं.
बाहेर काही हललं नाही.

मंगळवारी एक टेम्पो आळीत घुसला,
हॉर्न, हेमंतची नजर उडाली,
हातोडी अंगठ्यावर.

आई गं!
त्यानं तर ओठ घट्ट मिटलेले.

त्याचा डावा अंगठा तोंडात.
आणि माझा उजवा
(समोरासमोर बसलं की डाव्याचं उजवं होतंच)
पायजम्यावरून दोन बोटं मागे सरकलेला.
कापडाला तिथं चुणी पडली होती.
चार महिन्यांत पहिली.

त्यानं चुणीकडे पाहिलं. मीही.
बराच वेळ कुणाचंच ठक नाही.

मग अंगठ्यावर फुंकर घालत म्हणाला,
काका, राग मानू नका,
तुम्ही येऊन बसायला लागल्यापासून
दुपारनंतर हा माझा डावा जड पडतो.
काल हंडा दोनदा निसटला.
घरी म्हणाले, डॉक्टरला दाखव.

मी काठी शोधली.
म्हटलं, बरं, उद्यापासून नाही येत.

त्यानं हंडा फिरवून मांडीशी घेतला.
येऊ नका म्हटलं का मी?
जरा उजेडाकडे सरका.
तिथून तुम्हाला बोटं दिसत नसतील.