दुसरा अंगठा

आई हातमोज्याला दोन अंगठे विणायची.
एक इकडे, एक तिकडे,
खेकड्याच्या नांग्यांसारखे.
ओडनी तिचं नाव. बोलायची कमी, मोजायची फार.
माशाच्या तेलाचा दिवा धुरकटत राही
आणि गवताच्या छपराखाली आम्ही नऊ जणं
एकमेकांच्या उबेवर हिवाळा काढायचो.

मी विचारलं होतं, दुसरा कुणाचा?
"तळव्याचा," ती म्हणाली.
गळाची दोरी ओढून ओढून तळवा विरतो.
मग मोजा फिरवायचा. पाठ होते तळवा,
रिकामा अंगठा कामाला लागतो,
थकलेला मागं बसतो, थंडी खात.
भर समुद्रात नवा जोड शोधायला
कुठली आलीय सवड.

विणायची मापाच्या दीडपट.
मग खाऱ्या पाण्यात बुडवून
मी आणि धाकटा एयोल्फुर
फळीवर मळत बसायचो
लोकर आटून मुकी होईपर्यंत.
बोटं लाल, हुळहुळी.
मेंढीचा वास नखांत, पार ईस्टरपर्यंत.

त्या वर्षी फेब्रुवारीत बाबा गेले
सहा वल्ह्यांच्या उघड्या नावेवर.
मे महिन्यात आले, डोंगर ओलांडून, चालत.
पाठीवर सुक्या माशांच्या डोक्यांचं ओझं,
उजवा हात खिशात.

समुद्रानं त्यांना अंगठा दाखवला नाही,
त्यांचाच ठेवून घेतला.
दोरीचा वेढा बसला, एवढंच म्हणाले.
मासा मोठा होता? एयोल्फुरनं विचारलं.
"होता. तोही गेला."

शरदात आई पुन्हा सुया घेऊन बसली.
डावा झाला.
उजवा मनगटापासून वर आला
आणि अंगठ्याचे टाके जिथं वेगळे काढायचे
तिथं ती थांबली.
उसवलं. विणलं. पुन्हा उसवलं.
मोजणी चुकलेली आई मी पहिल्यांदाच पाहिली.

"दोन्ही ठेव,"
भिंतीकडे तोंड करून झोपलेले बाबा म्हणाले.
"दोरी अडायला काहीतरी हवं."

तिनं ठेवले.
त्यांनी दातांत धरून
दोन्हीत कच्ची लोकर ठासली,
काडीनं, शेंड्यापर्यंत.

खुंटीवर वाळत होता तो मोजा.
घरात कुणी नाही बघून
मी हात घातला.
चार बोटं गेली.
अंगठा जाईना.
आत कुणीतरी होतं.