पाच व्होल्ट

सात कोड, एकदम.
पडद्यावर पिवळे, एकाखाली एक.
मुख्य पंपाचा दाब: सिग्नल कमी.
दुसऱ्या पंपाचा: कमी.
बूम, पायलट, स्विंग, सगळ्यांची एकच तक्रार,
आणि पोकलेन रांगतोय.
बकेट वर यायला इतका वेळ
की तालाइबेक डाव्या हातातली सिगारेट
थोटकापर्यंत आणतो.

रात्री दरड आली.
नारिनकडचा रस्ता मातीखाली
आणि मातीपलीकडे मेंढ्यांचे तीन ट्रक.
वारा फिरला की त्यांचं ओरडणं चढून येतं,
वारा पडला की आमचं इंजिन.

बिश्केकहून मेलिसचा फोन:
"पंप गेलाय, बुरुल. नवा पाठवतो, उतरव जुना."
उंटावरून शेळ्या हाकायला
त्याला गरम खोली लागते, एवढंच.
मी म्हणते, बघते.
तो म्हणतो, सात सात कोड आहेत, अजून काय बघायचं?

सात आहेत म्हणूनच.
एका घरात सातजण एकाच सकाळी आजारी पडले
तर मी आधी विहिरीत डोकावेन.

पण शार्शे आकेंची सवय जात नाही.
त्यांच्या काळी पडदा नव्हता, कोड नव्हते.
कुऱ्हाडीचा दांडा पंपाला टेकवायचा,
दुसरं टोक कानाला.
मीही टेकवते.
आत तेल शांतपणे फिरतंय,
कण नाही, कुरकुर नाही.
पायलट लाइनला गेज लावते: चाळीस बार.
सुई गाढवासारखी जागची हलत नाही.
बकेट टोकाला नेऊन धर म्हणते:
तीनशे चाळीस.
अंगात ताकद आहे याच्या.
कुणीतरी याला सांगतंय, तू अशक्त आहेस,
आणि हा बिचारा जपून चालतोय.

मग मीटर.
सेन्सरच्या सॉकेटात पाच हवेत.
आहेत पॉइंट चार.
हे सगळे सेन्सर एकाच पाच व्होल्टांवर जगतात,
एकाने जमिनीला सांडलं की सगळे कोरडे.
एकेक प्लग काढत जाते.
बोटांना बोटं कळत नाहीत एव्हाना.
पहिला काढला. पॉइंट चार.
तिसरा. पॉइंट चार.
पाचव्याचं कुलूप तुटलं, शिवी दिली, पॉइंट चार.
सातवा.
पॉइंट चार.

म्हणजे यांच्यात चोर कुणीच नाही.

हार्नेस हाताने चाचपत निघते,
कॅबच्या मागून, होसांच्या खालून,
बूमच्या बुडापर्यंत, जिथे प्रत्येक उचलीला
वायर वाकते, सरळ होते, वाकते.
इथे क्लॅम्पमध्ये रबराची बुशी असते.
नाही.
तिच्या जागी बांधायची तार, चार पीळ,
तारेखाली वायरचं कातडं सोललेलं,
आत तांबं, नव्या दागिन्यासारखं चकचकीत,
लोखंडाला चिकटून.

पीळ उलटा आहे.
उजव्या हाताचा माणूस असा पिळत नाही.

मी मान वर केली नाही.
खाली दोन बूट उभे होते,
डाव्याची नाडी सुटलेली.
"वसंतात," बूट म्हणाले बऱ्याच वेळाने.
"बुशी मागितली होती. दोनदा."

तार कापली. वायर जोडली, गुंडाळली,
माझ्याच जुन्या हातमोज्याचा तुकडा मध्ये घातला.
मीटर: पाच पॉइंट शून्य एक.
सातही प्लग परत लावले,
कोड पुसले आणि वाट पाहिली.
एकही परत आला नाही.

तालाइबेक कॅबमध्ये चढला.
बूम असा उठला की मी दोन पावलं मागे सरले.
पहिली बकेट, दुसरी.
पलीकडच्या मेंढ्या आता ऐकू येत नव्हत्या,
किंवा आमचाच आवाज मोठा झाला होता.

मेलिसला कळवलं: पंप ठीक. वायर घासली. कंपन.
तो म्हणाला, फोटो पाठव.
पाठवला. तारेशिवाय.

पुढच्या फेरीत दोन बुश्या आणल्या.
त्याच्या सीटखाली ठेवल्या,
डाव्या बाजूला.