इतर हक्क

लतीफ होडेकर दाभोळच्या धक्क्यावर उतरला
तेव्हा पिशवीत शेरभर अक्रोड होते,
आणि एक तक्रार. ती त्याची नव्हती.
अकरा वर्षं सुलेमानियात क्रेन चालवली त्याने.
शेजारच्या खाटेवर हेमिन, वेल्डर.
म्हणाला, भाऊ, तुम्ही तलाठी होतात,
ह्याच्या मुलखाचा उतारा निघेल का?

मी हसलो. मग चष्मा शोधला.
एकतीस वर्षांची खोड, आधी विचारायचं :
चतुःसीमा सांग.

उत्तरेस वान नावाचं तळं, खारं.
पश्चिमेस दियारबकिरचा तट, काळ्या बसाल्टचा,
खालून टायग्रिस जाते.
(बसाल्ट म्हटल्यावर मी मान वर केली.
तो आमच्या घाटाचा दगड.)
दक्षिणेस किर्कुक, जिथे जमीन आपसूक पेटलेली,
कंपन्या यायच्या कितीतरी आधीपासून.
पूर्वेस झाग्रोस...
नाही, थांबा. झाग्रोस शेजारी नाही.
तो घरातच आहे, ओसरीपासून परसापर्यंत.

लतीफ, सीमा शेताच्या कडेने जाते.
ह्यांची चुलीतून जाते, भाऊ.
तुर्कस्तान, इराण, इराक, सीरिया,
एका गोठ्याला चार कुलपं.

मग मी फेरफार मांडत गेलो.
सोळाशे एकोणचाळीस : एक सुलतान, एक शाह,
डोंगराला नोटीस बजावल्याची नोंद नाही.
एकोणीसशे वीस : चिनी मातीच्या कारखान्यात सह्या.
त्या कागदात ह्यांचं नाव होतं,
पेन्सिलीने म्हणा हवं तर, पण होतं.
तीन वर्षांनी दुसऱ्या गावी दुसरा कागद,
आणि नाव बशीसारखं फुटलेलं,
केर काढूनही तुकडा मिळेना.
शेहेचाळीस : महाबादेत स्वतःचा झेंडा,
जानेवारीत चढला, डिसेंबरात उतरला.
आंब्याच्या एका मोहोरापासून
पुढच्या मोहोरापर्यंत. बस.

अठ्ठ्याऐंशीचं लतीफने लिहू दिलं नाही.
एवढंच म्हणाला, हेमिनची आई हलब्जाची,
ती घरात सफरचंद आणू देत नाही.
त्या दिवशी हवेला तोच वास होता.

तिकडे म्हणतात, डोंगराशिवाय आम्हांला मित्र नाही.
लतीफ म्हणाला, मी त्याला सांगितलं,
आमच्याकडे डोंगर म्हणजे घाट,
एसटी लागते आणि लिंबू हुंगावं लागतं.
तो खूप हसला. मग बराच वेळ हसला नाही.

मी कागदाकडे बघत बसलो.
अठ्ठ्याहत्तर साली, धोपाव्याच्या वरच्या सड्यावर
सुंदरा आग्रेची नाचणी गुडघाभर उभी होती,
आणि मी पीकपाहणीत लिहिलं : पड.
साहेब जीपमध्ये थांबले होते.
ती बांधावर उभी राहून विचारत होती,
काय लिवलंव?
मी म्हटलं, तुझंच.

फेरीबोट धोपाव्याहून सुटली.
लतीफने फोन खाडीकडे धरला,
हेमिनने समुद्र पाहिलेला नाही,
चित्र नको, आवाज पाठव म्हणतो.
भरती लागली होती. खडकात पाणी शिरून
गुरं पाणी पितात तसं वाजत होतं.
थोड्या वेळाने तिकडून एकच प्रश्न आला :
हे कुणाच्या नावावर आहे?

भरतीच्या रेषेखाली सातबारा चालत नाही, सांग त्याला.
लतीफने कसं सांगितलं, कळलं नाही मला.

घरी येऊन जुना कोरा नमुना काढला.
कब्जेदाराचा रकाना तसाच ठेवला.
इतर हक्कात लिहिलं : हेमिन, वेल्डर.
खाली जागा होती.
तिथे सुंदरा आग्रे, नाचणी, गुडघाभर.
ह्याला कुठलं कार्यालय शिक्का मारणार नाही,
माहीत आहे मला.

अक्रोड जांभ्याच्या चिऱ्यावर फुटेना,
चिराच ढपलला.
शेवटी आतून वरवंटा आणला.