काडेपेटीतली खपली

शुक्रवारी, म्हापशाचा बाजार उठता उठता
इनास आला शापोऱ्याहून.
खिशातली काडेपेटी काढून
माझ्या कीबोर्डशेजारी उपडी केली.
काडी एकही नव्हती.
नखाएवढी खपली होती रंगाची,
होडीच्या नाळीवरून खरवडलेली.

होडी विकली. मालवणचा माणूस
पंधरवड्यात तिला तांबडी करणार.
त्याआधी एक फोटो, कॅलेंडरएवढा.
"पूण रंग होच जाय, बाये."

फोटो पुतण्याने काढलेला, भर दुपारी.
पडद्यावर होडी अशी पेटलेली
की मागचा समुद्र विटका दिसावा.
मी लाल बारा घरं खाली ओढला,
हिरवा चौदा वर,
निळ्याची वक्ररेषा मधोमध जराशी उचलली.
खपली काचेला टेकवली. जुळलं.
मग होडी छपाईच्या चार शायांत उतरवली
आणि ती आजारी पडली.

पडदा उजेडात उजेड मिळवत जातो,
कागद उजेडातून वजा करतो.
धारगळकर मास्तरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलेलं,
तरी हात सवयीने तेच आकडे इकडे टाकत बसला:
बारा खाली, चौदा वर.
इथले चौदा तिथे चौदा नसतात.
तिथे लाल नावाचं माणूसच राहत नाही;
लाल कमी हवा तर आकाशी वाढवा,
आणि आकाशी तर आधीच काठोकाठ.
होडीभर राखाडी डाग उमटले,
म्हणजे यंत्राने हात वर केले.

तेव्हा मी तिसऱ्या जागी गेले.
तिथे पडदा नाही, शाई नाही.
आगरवाड्याच्या आगरात पाण्यातून मीठ निघावं
तसा रंगातून उजेड निराळा निघतो.
उजेडाला धक्का न लावता
हिरव्याकडे सहा सरकले, पिवळ्याकडे दोन,
आणि तिथून हळूच चार शायांत आले.
झळाळी वाटेत सांडली. कल तेवढा टिकला.
प्रूफ काढलं.

"हो न्हय गे," इनास म्हणाला.
स्टुलावर बसून तो इतका वेळ
माझ्या हाताकडे बघत होता, पडद्याकडे नाही.

मग तुम्ही कसा करता हा रंग?

निळ्याचे दोन डबे. हिरव्याचा अर्धा.
पांढरा चहाच्या कपाने.
आणि गेल्या वर्षीचा तळाशी उरलेला गाळ,
ज्यात त्याच्या आदल्या वर्षीचा.
"बापायच्या हातचो थेंबो भितर आसतलोच."

हे कुठल्या सरकपट्टीवर ओढायचं?
मी ठिपके तपासायचं भिंग घेतलं
आणि खपली आडवी धरली, कडेने.
निळा. हिरवट निळा. अस्तराचा पांढरा.
पुन्हा निळा, जरा मळका.
त्याखाली केसाएवढी एक रेघ,
तांबडी.

मी भिंग त्याच्याकडे दिलं.
बराच वेळ डोळा लावून बसला.
मग हसला, दात नसलेल्या बाजूने:
त्या वर्षी शापोऱ्यात निळा डबाच मिळाला नव्हता.
तो हे पार विसरला होता.

प्रूफ आणि खपली घेऊन आम्ही दारात गेलो.
ट्यूबलाइटखाली जे भाऊ वाटत होते
ते उन्हात एकमेकांना ओळखेनात.
शिवोलीची बस हॉर्न वाजवत सुटली.
माशांच्या रिकाम्या टोपल्या घेऊन
दोघी जणी पायरीवर टेकल्या होत्या;
त्यांतली एक म्हणाली, कागदातला बरा.
दुसरी म्हणाली, तुला मोतीबिंदू.
इनास काही बोलला नाही.
कागद वर धरून, खपली त्यावर ठेवून
थांबून राहिला.

साडेचारच्या सुमाराला
समोरच्या पत्र्यावरून ऊन घसरलं,
भिंतीच्या चुन्यावर आपटून
मऊ होऊन आमच्यापर्यंत आलं,
आणि खपली दिसेनाशी झाली.
कागदावर कुठे आहे ते बोटाने चाचपावं लागलं.

"आतां सारकें."

वर ढग सरकत होता, आम्ही दोघांनीही पाहिला.
त्याने घाईघाईने कागदाची घडी केली
आणि सदऱ्याच्या आत घातली.
पैसे मोजताना हात छातीवरून काढला नाही.