तिसरी ओळ

पहाटे चारला उठते, प्रभू,
आणि गुडघे टेकायच्या आधी
गुडघ्यांचीच समजूत काढते.
होड्या अजून सरोवरात आहेत.
त्यांचे दिवे पाण्यावर असे ओळीनं,
जणू पलीकडचं एखादं गाव
रात्रीत अर्ध्यावर चालत आलंय.

चटईवर बसते. डोळे मिटते.
पहिल्या ओळीत तुला हाक मारते,
दुसरीत तुझं राज्य मागते,
आणि तिसरी,
ती तुझ्या इच्छेची,
तिथं जीभ टाळ्याला चिकटते.
अकरा महिने झाले.

त्या ओळीशी आले की शेजारीण दिसते.
न्याचिर्वा.
तिच्या मुलानं माझं जाळं नेलं,
फाडून आणलं,
आणि ही वर म्हणाली, जुनंच होतं की.
जुनं!
माझ्या लेव्हिसननं विणलेलं,
शेवटच्या तापाआधी,
एकेक गाठ दातांनी आवळून.
ते मी दाराशी खिळ्याला टांगलंय,
येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून.
उपासनेत ती दुसऱ्या बाकावर, मी पाचव्या.
पाळक म्वाले म्हणतात, शेजाऱ्याला हात द्या,
नेमका तेव्हाच आम्हा दोघींना खोकला येतो.

आज म्हटलं, तूच सांग,
तुला हवंय तरी काय माझ्याकडून?
मोठं काही असेल तर मोठ्यानं सांग,
माझा डावा कान येतो-जातो.
थांबले.
तू काही बोलला नाहीस.
कुत्री बोलली.

न्याचिर्वाच्या माचाशी तीन कुत्री.
सून अडली म्हणून ती रात्रीच
होडीनं न्खाता बेच्या इस्पितळात गेली,
बोटाएवढी उसिपा मासळी
तशीच उघडी टाकून.
मी पाहिलं.
तुझ्याशी खोटं कशाला बोलू,
थोडा वेळ नुसतंच पाहिलं.

मग प्रार्थना तिथंच राहिली,
आमेनसुद्धा न म्हणता.
काठी घेतली. कुत्री हाकलली.
तेवढ्यात उजाडलं,
आणि खंड्या पक्षी आले, कावळे आले,
त्यांना काठी कुठवर पुरणार?
झाकायला काही शोधत घराशी आले
आणि दारातच थांबले.
खिळा उंच होता. स्टूल आणावं लागलं.

दिवसभर दोन्ही माचांवरची मासळी उलटली.
आधी माझी, हे कबूल करते.
हाताला खवले, पाठीला ऊन,
कसावाचं पीठ भिजवायचं राहून गेलं.
तुझी आठवण म्हणशील
तर एकदाही झाली नाही.

संध्याकाळी ती आली.
नात झाली म्हणाली, माझ्याकडे न बघता.
माचाभोवती एक फेरी मारली,
जाळ्याच्या भोकातून बोट घातलं.
"कावळे शिरले असते यातून."
"जुनंच आहे," मी म्हटलं.
ती खोकली नाही.
मीही नाही.

रात्री पुन्हा चटईवर.
पहिली ओळ झाली. दुसरी झाली.
तिसरी म्हटली की नाही,
खरंच आठवत नाही, प्रभू.
मला झोप लागली होती,
आणि हातांना अजून
तिच्या मासळीचा वास येत होता.